चार जुळ्या सुऱ्या आणि एक केळीबाग: चोपडा तालुक्यातलं प्रकरण

माझा मावसभाऊ चोपडा तालुक्यात केळी करतो. तापीकाठची काळी जमीन, ठिबक, टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, उत्तरेला सातपुडा. त्याला एक सुरी हवी होती. विळा-कोयता घरात आहेच. घडीचा चाकू नको होता, कारण त्याच्या सांध्यात माती आणि चीक बसला की तो उघडताना दात लावावे लागतात. पातं मुठीत कायमचं पक्कं बसलेलं, कमरेला राहील आणि दिवसभरात पुढ्यात येईल ते काम करेल अशी एकच सुरी, एवढी त्याची मागणी.

शोधून शोधून तो स्वीडनच्या मोरा सुऱ्यांवर आला. यात नवल नाही. डालार्ना प्रांतातल्या मोरा गावाच्या परिसरात हा धंदा १८९१ पासून कारखानदारी पद्धतीनं चालू आहे आणि कामाची, साधी, परवडणारी सुरी म्हटलं की जगभर हेच नाव पुढे येतं. घोळ झाला तो त्यानंतर. त्याच्या यादीत चार नावं उरली: कंपॅनियन स्टेनलेस, कंपॅनियन कार्बन, कंपॅनियन हेवी ड्यूटी आणि गारबर्ग. पहिल्या तिघींचं पातं १०४ मिलिमीटरच्या आसपास, गारबर्गचं १०९. धारेची घडण चारींची एकच. फोटोत शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतात. शिवाय पाचवी उमेदवार घरचीच होती: आठवडे बाजारात बसणाऱ्या लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून करून घेतलेली सुरी.

फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, "दादा, पोलाद कोणतं चांगलं?" असल्या खरेदीत बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि मग महिनाभर इथंच फिरत राहतात. मी त्याला उलट विचारलं, की गेल्या आठवड्यात हातातल्या हत्यारानं काय काय कापलंस ते सांग.

खरी कामं

त्यानं सांगितलं ते असं. ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरल कापून जोड दिले, दोन ठिकाणी रानडुकरांनी नळ्या चावल्या होत्या. घडाला आधार द्यायच्या पट्ट्या मापानं कापल्या. केळफुलं काढली. खताच्या गोण्या उघडल्या. बांबूच्या खुंट्यांना टोक काढलं. सुतळी, नायलॉन दोरी, मल्चिंगचा कागद. दुपारी मळ्यातच जेवण, म्हणून कांदा, मिरची, काकडी. एका संध्याकाळी पाहुणे आले म्हणून भरीत.

हिवाळ्यात आमच्याकडे भरीत म्हणजे वेगळा कार्यक्रमच असतो. कपाशीच्या काट्यांचा, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या काड्यांचा, जाळ, त्यावर हिरवी-पांढरी मोठाली वांगी, मग साल काढून बडगीत ठेचायचं, आणि त्याआधी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर यांचा ढीग बारीक चिरायचा. पाहुणे पंचवीस असले की हे चिरण्याचं काम तासभर चालतं.

पिलं काढणं आणि घड उतरवणं यादीत नव्हतं, कारण ते विळ्याचंच काम आहे आणि विळ्याकडेच राहणार. लाकूड फोडणंही नव्हतं. मळ्यातल्या खोलीत कुऱ्हाड आहे, आणि कपाशीच्या काट्या हातानं मोडतात.

मग तो म्हणाला, "आणि जंगल." सातपुड्यात मित्रांबरोबर जायचं, रात्र काढायची, काटक्या फोडायच्या, जाळ करायचा. हेवी ड्यूटी आणि गारबर्ग यादीत आल्या त्या या एका शब्दापायी. व्हिडिओत माणसं सुरी लाकडावर ठेवून वरून सोट्यानं ठोकतात आणि ओंडका दुभंगतो. ते पाहिल्यावर जाड पात्याचा मोह कोणाला होत नाही?

जंगलाचा कायदा

इथं थोडं थांबावं लागेल, कारण निम्मा निकाल या मुद्द्यानंच लागला. हे मित्रमंडळ जातं कुठं? एक तर पालच्या बाजूला, म्हणजे यावल अभयारण्याकडे, नाहीतर शिरपूर तालुक्यात अनेर धरणाकडे, आणि तिथंही अभयारण्यच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३१ सांगतं, की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, धनुष्यबाण, जाळी, फासे यांच्या ओळीत सुरीही आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला कलम ३० ची मनाई आहे. झाड तोडायचं तर बोलायलाच नको.

म्हणजे ज्या कामासाठी जाड सुरी घ्यायची, ते काम त्या जागी करताच येत नाही. मावसभावाला हे पटायला वेळ लागला. "सगळे नेतात की," हे त्याचं म्हणणं. नेत असतील. पण वनरक्षकानं झडती घेतली तर 'सगळे' तिथं नसतात, पिशवी तुझी असते.

शहरातल्या कायद्याचंही बघून घेतलं. शस्त्र नियमांत परवान्याच्या यादीत येणारी धारदार हत्यारं म्हणजे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची. घरगुती आणि शेतीकामासाठी घडवलेली त्यातून वगळलेली. आपल्या चारही सुऱ्या चार-सव्वाचार इंचांच्या, तेव्हा घेण्या-ठेवण्यात अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात, सणासुदीला आणि निवडणुकीत तर हटकून, आणि त्या कलमात सुरीचं नाव स्पष्ट आहे. मळ्यात कमरेला ठीक. चोपड्याच्या बसस्टँडवर कमरेला लावून चहा प्यायची हौस करू नये.

जाडी

जंगल यादीतून गळालं आणि प्रश्न एकदम सोपा झाला. तरी हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याचं समाधान होईना. कार्बन कंपॅनियन आणि गारबर्ग माझ्याकडे होत्या, हेवी ड्यूटी जळगावच्या एका मित्राकडून उसनी आणली. स्टेनलेस कंपॅनियन मळ्याशेजारच्या एका ठिबकवाल्याच्या पेटीतच निघाली, चांगली वापरून झिजलेली. लोहाराची घरात होतीच. मळ्यातल्या खोलीसमोर बाज टाकली आणि त्याच्या यादीतली कामं एकेक करून पाहिली.

साधी स्टेनलेस कंपॅनियन २.५ मिलिमीटर जाड आहे. हेवी ड्यूटी आणि गारबर्ग ३.२. कागदावर हा फरक पाऊण मिलिमीटरचासुद्धा नाही, म्हणून कोणी त्याकडे बघत नाही. पण या सुऱ्यांची धार ज्या पद्धतीची आहे तिच्यात हाच फरक सगळं ठरवतो. पाठीपासून पातं सपाट, पूर्ण जाडीचं खाली येतं आणि अगदी शेवटच्या काही मिलिमीटरांत एकाच उतारानं धारेला मिळतं. दोन्ही बाजूंचा मिळून कोन पंचवीस अंशांच्या आसपास धरला, तर २.५ च्या पात्यात हा उतार साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरांचा होतो, ३.२ च्या पात्यात सात-सव्वासातचा. म्हणजे धार फळात अर्धा-पाऊण सेंटिमीटर शिरेपर्यंत पूर्ण जाडीची पाचर मागोमाग आत घुसलेली असते. मऊ वस्तूला त्याचं काही नाही. कडक वस्तू मात्र कापली जाण्याआधी फाटते.

कांद्यावर हे नागडं दिसलं. साध्या कंपॅनियननं कांदा चिरला गेला, चकत्या जरा जाड आल्या एवढंच. गारबर्गनं पहिला अर्धा नीट कापला आणि मग कट् आवाज होऊन उरलेला फुटला, पाकळ्या बाजेखाली. मावशी बाजूला लसूण सोलत बसली होती. तिनं एकदाच मान वर केली: "हाई सुरी कांदा चिरस नही, फोडस." गारबर्गवर जगभर जे परीक्षण लिहून आलंय त्यातलं मला यापेक्षा नेमकं काही आठवत नाही.

लॅटरलवर सगळ्या चालल्या. पण नळी सरळ, काटकोनात कापली गेली नाही तर जोड गळतो, आणि पातळ पात्यानं नळी न चेपता कापता आली. जाडीनं ती आधी दबली, मग तिरकी तुटली. बांबूच्या खुंटीवर उलट झालं. तिथं गारबर्ग खरोखर मजेत चालली: वजन १७० ग्रॅमच्या घरात, मूठ भरीव, जोर दिला की ढलपी निघते. कंपॅनियननंही खुंटी झाली, चार हात जास्त मारावे लागले. दोरी, गोणी, पट्टी यांत फरक सांगण्यासारखा नाही.

गारबर्गबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. तिचं पातं मुठीतून आरपार शेवटच्या टोकापर्यंत जातं. कंपॅनियनचं मुठीत काही अंतर जाऊन थांबतं. ठोकाठोकीला गारबर्ग भारी, यात वाद नाही. पण ठोकाठोकी आपल्या यादीत आहे कुठं? आणि तिच्या किमतीत तीन तरी कंपॅनियन येतात. त्यानं पैशाचा मुद्दा स्वतःहून काढला नाही, मावशीनं काढला.

हेवी ड्यूटी मला या कामासाठी सर्वांत अडनिडी वाटली. जाडी गारबर्गची, बांधणी कंपॅनियनची. कोणाला ती आवडत असेल, पण बाजेवरून ती सगळ्यांत आधी बाद झाली.

चीक

राहिल्या दोन: एकच घडण, एकच मूठ, मुख्य फरक पोलादाचा. आता कुठं त्याच्या मूळ प्रश्नाची वेळ आली.

कार्बन पात्यात कार्बन साधारण एक टक्का, क्रोमियम नावापुरतं. स्टेनलेस पातं १२सी२७ जातीचं: कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्के. हे पोलाद सँडविकचं. २०२२ मध्ये तो विभाग वेगळा होऊन अलाइमा झाला. कार्बनला धार लवकर लागते आणि ती जरा जास्त टोकदार होते, असं जुने वापरणारे सांगतात आणि माझाही अनुभव तोच. मला स्वतःला कार्बनच आवडते. पण मी केळी करत नाही.

केळीच्या चिकात टॅनिन असतं. लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळा-निळा डाग धरतो; कपड्यावरचा केळीचा डाग जन्मभर जात नाही हे खानदेशात कोणाला सांगायची गरज नाही. कार्बन सुरीनं आम्ही काही केळफुलं काढली आणि मुद्दाम न पुसता ती कठड्यावर ठेवली. चहा उकळेपर्यंत पात्यावर निळसर-करड्या लाटा उमटल्या. हा डाग दिसायला वाईट, पण निरुपद्रवी; उलट त्याच्याखालचं पातं थोडं सुरक्षितच राहतं. खरी खोड पुढची आहे. तशीच चिकट सुरी म्यानात गेली, रात्र ओलीची असली, तर सकाळी धारेवरच नारिंगी ठिपके दिसतात. गंज धारेला लागला की ती कातरते. त्याच दिवशी वापरलेलं स्टेनलेस पातं चिकानं तपकिरी झालं होतं, ओल्या फडक्यानं पुसल्यावर साफ.

आणखी एक कारण होतं आणि ते मला जास्त वजनदार वाटतं. बागेत रोगट झाड कापलं की पुढच्या झाडाला लावण्याआधी हत्यार निर्जंतुक करायला हवं, कारण जिवाणूजन्य रोग हत्यारावरून पसरू शकतात. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी वापरतात. कार्बन पोलादाला ते पाणी खाऊन टाकतं. स्टेनलेसही त्यात बुडवून ठेवलं तर बारीक खड्डे पडतात, क्लोराइड त्यालाही सोडत नाही. पण बुडवलं, साध्या पाण्यानं धुतलं, पुसलं, एवढं केलं की ते टिकतं. दिवसातून अनेकदा असं करायचं असेल तर कार्बनचं नाव काढू नये.

मे महिन्यात घामानं मुठीपासचा भाग आधी गंजतो, हेही त्यात मिळवा.

लोहाराची सुरी

हिच्यावर मी मुद्दाम शेवटी आलो, कारण ती हरली तरी तिच्यातून शिकण्यासारखं बरंच निघालं. कमानीचा पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन, चिवट. माल उत्तम. लोहारानं घडवलीही सुबक होती, पाठ सरळ, बाभळीची मूठ. पण जाडी मुठीपाशी पाच मिलिमीटर, म्हणजे कंपॅनियनच्या दुप्पट. कांद्याचं काय झालं ते सांगत नाही.

मग मी कानस घेतली. धारेवर हलकी फिरवून पाहिली, टोकाकडून मुठीकडे. टोकाकडे कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकली. मधे कुठंतरी तिनं पकड घ्यायला सुरुवात केली. मुठीजवळ ती चक्क चरचरत लोखंड खाऊ लागली. याचा अर्थ टोक पुरतं कडक झालंय, मुठीकडचा भाग मऊच राहिलाय. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, ते टोकाकडून बुडवलं गेलं, आणि मागचा भाग तोवर पुरेसा तापलेला नव्हता. शिवाय पाणी दिल्यावर पातं पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढावा लागतो, तो टोकाशी निघाला नसावा, कारण टोकाचा एक कण आधीच उडालेला होता.

लोहाराला बोल लावायचं कारण नाही. तो विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवतो आणि त्या हत्यारांना हे सगळं चालतं. पातळ, सगळीकडे सारख्या कडकपणाची सुरी हे काम वेगळं. त्यासाठी तापमान हातात लागतं, नुसता रंगाचा अंदाज पुरत नाही. पण आधी न सांगता जी वस्तू मिळाली, ती सांगून मागितली तर सुधारून मिळेल असं मला तेव्हाही वाटलं.

निवड आणि नंतर

मावसभावानं स्टेनलेस कंपॅनियन घेतली. मधे त्यानं कान्सबोल नावाच्या मोराच्याच आणखी एका मॉडेलचं नाव काढलं होतं: जाडी २.५ च, पण पुढचा भाग चिरण्यासाठी आणखी पातळ केलेला. कागदावर ती या यादीला चपखल बसते, आणि कांदा तिच्यानं अधिक नीट चिरला गेला असता. पण किंमत बरीच वर, आणि हातात घेऊन पाहायला मिळाली नाही. मळ्यात सुरी हरवते, पाटात पडते, मजूर उचलून नेतो. हरवल्यावर दोन दिवस हळहळ वाटेल एवढ्याच किमतीची सुरी मळ्यात असावी, असं माझं मत आहे.

पहिला त्रास पोलादाचा निघाला नाही, जाडीचाही नाही. म्यानाचा निघाला. कंपॅनियनचं म्यान प्लॅस्टिकचं, खाली पाणी निथळायला भोक, धुवायला सोपं. या हवामानात चामड्यापेक्षा केव्हाही बरं, चामडं पावसाळ्यात बुरशी धरतं. पण ते कमरेला अडकतं नुसत्या क्लिपनं. पट्ट्यावर ठीक. मळ्यात नाडीच्या पायजम्यावर ती क्लिप बसते खरी, वाकलं की निसटते. दोनदा सुरी म्यानासकट सरीत सापडली. शेवटी त्यानं घडाला बांधायच्याच पट्टीचा फास क्लिपमधून ओवला आणि तो करगोट्यासारखा कमरेला बांधला. निवड करताना आम्ही म्यान उलटून पाहिलंच होतं, बांधून वाकून पाहायला हवं होतं. सुरी घेणाऱ्यानं दुकानात किंवा उसनी आणून हे आधी करावं.

दुसरी गोष्ट धारेची. गावात सायकलवर चाक घेऊन धारवाला येतो. विळ्यांबरोबर ही सुरीही त्याच्याकडे द्यायची असं मावशीनं ठरवलं होतं, आणि ती आपल्या हिशेबानं बरोबरच होती. पण कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पाणी उतरलं की तेवढा भाग मऊ पडतो आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. साध्या पोलादावर निळी झाक दिसते, स्टेनलेसवर ती उशिरा उमटते म्हणून कळतही नाही. या सुरीला चाकाची गरज नाही. रुंद उतार दगडावर सपाट टेकतो, कोन धरायचं कसब लागत नाही. दुहेरी कार्बोरंडमचा दगड, बारीक बाजू, पाणी, दोन्हीकडून सारखे हात, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर ओढायची. हे काम आता घरातला शाळकरी पोरगा करतो, आणि चांगलं करतो.

भरिताच्या दिवशी चिरायला मात्र मावशी तिची विळीच घेते. कंपॅनियन त्या दिवशी वांग्यांना टोचे मारण्यापुरती. 'सगळ्या कामांना एक' या मूळ मागणीतलं चिरणं तेवढं अर्धंच पुरं झालं, आणि त्यावर घरात कोणाची तक्रार नाही.

लोहाराकडे मावसभाऊ परत गेला, या वेळी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन. पाठीला तीन मिलिमीटरांहून जाड नको, पातं पूर्ण लालबुंद झाल्यावर आडवं तेलात, आणि नंतर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर आम्ही ठेवू, असं सांगून आला. लोहार आधी हसला, मग व्हर्नियर कसा वाचायचा ते विचारून घेतलं. ती सुरी अजून भट्टीत जायची आहे. पाटा निवडून ठेवलाय.